माईकवर गेलेला रंग

नानासाहेबांना रंग कळत नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. पुष्कळ पुरुषांना कळत नाहीत. माझ्या नवऱ्याला आमच्या लग्नातल्या लुगड्याचा रंग विचारा, तो म्हणेल, "लुगडं होतं." पण तो बिचारा माईक घेऊन गावाला ऐकवत नाही. नानासाहेब ऐकवायचे. देवगाव रंगारीच्या कबड्डीचा माईक बावीस वर्षं त्यांच्या तोंडापुढे होता आणि त्या बावीस वर्षांत "तो रंग तसा नाही" असं त्यांना गावातल्या कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत मास्तर, घरची चाळीस एकर जमीन, वर आवाज असा की कर्ण्याची गरजच नाही. कोण बोलणार?

त्यांच्याकडे एकूण चार रंग होते. लाल, पिवळा, हिरवा, निळा. कन्नडचा संघ पोपटी बनियनं घालून आला, ह्यांनी पुकारलं पिवळा. एका संघाची आमसुली होती, ती ह्यांनी लाल करून टाकली. आम्ही बायका बाजारात शेंदरी आणि केशरी समोरासमोर धरतो, उन्हात नेऊन बघतो, दुकानदाराचा जीव खातो, तेव्हा कुठं एक लुगडं घेतो. आणि ज्या गावाच्या नावातच रंगारी आहे, तिथं रंग पुकारणारा हा असा. मी बायकांच्या बाजूला, कर्ण्याच्या खांबाखाली बसायचे आणि दरवर्षी चरफडायचे.

हसून सोडून द्यावं, तर तसंही नव्हतं. गुण त्या रंगावर लिहिले जायचे. वही असायची बन्सीकडे. बन्सी सोसायटीत कारकून, अक्षर मोत्यासारखं. त्याचं टेबल मांडवात नानासाहेबांच्या शेजारी आणि टेबलापुढे ही गर्दी, त्यामुळे त्याला मैदान दिसायचंच नाही. पंच शिट्टी मारून बोटांनी नंबर आणि गुण दाखवायचा. नानासाहेब खुर्चीवर उभे राहून "लाल सात, एक गुण" असं पुकारायचे. बन्सी मान वर न करता लिहायचा. फार पूर्वी एकदा वहीत खाडाखोड झाली म्हणून दोन गावांत डोकी फुटली होती. तेव्हापासून कमिटीनं नियमच करून टाकला, की माईकवर गेलं ते वहीत गेलं. खोडायचं नाही. दुरुस्ती करायची तर तीही माईकवरूनच करायची.

छावणीच्या संघाचा कप्तान एकदा ह्यावरून भांडायला आला होता. त्यांची बनियनं मोरपंखी. नानासाहेबांनी अर्धा सामना हिरवा म्हटलं आणि अर्धा निळा. बन्सीनं निमूटपणे निळ्याचा तिसरा रकाना आखला होता.

"सर, हमारा एकच टीम है, आपने दो बना दिया," कप्तान म्हणाला.

"माईकवर गेलं ते गेलं. पुढच्या साली नीट रंग घालून या," नानासाहेब म्हणाले आणि मांडव हसला. मला काही हसू आलं नाही.

पण मी सांगतेय त्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. वाळूजला कंपन्या उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एका कंपनीला कबड्डीचा संघ बांधायचा होता. त्यांचे साहेब जीप घेऊन आमच्या अंतिम सामन्याला आले. एका खेळाडूला कायमची नोकरी. नानासाहेबांनी ते माईकवरून तीनदा सांगितलं, "चढाईचे गुण ज्याचे जास्त, तो साहेबांच्या संगं जीपमधी बसंल."

अंतिम सामन्यात एकीकडे गावचा संघ होता आणि दुसरीकडे आमच्या वस्तीचा. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायचं, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. माझा धाकटा भाऊ सोनाजी चढाईत वाऱ्यासारखा, पण मेंढरांमागे त्याचा जीव रमत नव्हता. "आक्का, मला एका जागी ऱ्हायचंय गं," एवढंच तो म्हणायचा. दुसरं काही त्यानं कधी मागितलं नाही. त्याला ती नोकरी लागावी, ह्यापलीकडे मला त्या सामन्याचं काही पडलेलं नव्हतं.

गणवेश नसलेला संघ घेणार नाही, असाही एक फतवा त्या वर्षी निघाला होता. मी बाजारातून सात पांढरी बनियनं आणली, हळद आणि तुरटीच्या पाण्यात उकळली, सावलीत वाळवली. पिवळीजर्द, अगदी खंडोबाच्या भंडाऱ्याची कळा. जुन्या छत्रीचं काळं कापड कापून त्यावर आकडे शिवले. कापड छातीपुरतंच पुरलं, पाठी कोऱ्या राहिल्या. सोनाजीला सात नंबर दिला. गावच्या संघाची बनियनं औरंगाबादच्या दुकानातली होती, लालभडक, आणि त्यांच्यातही सात नंबर कारभारीला होता. कारभारी हा नानासाहेबांचा चुलतपुतण्या. खेळाडू चांगला आणि माणूसही चांगला. त्यालाही ती नोकरी हवीच होती.

अजून एक सांगायचं राहिलं. दरवर्षी मैदानाच्या रेषा राखेनं आखायचे. त्या वर्षी साहेब येणार म्हणून कमिटीला उधाण आलं. कळीचा चुना आणला, फोडला, त्याची फक्की केली आणि बोट-बोट जाडीच्या पांढऱ्याशुभ्र रेषा ओढल्या.

आता हळद आणि चुना एकत्र आले की काय होतं, हे माझ्या घरच्या शेळीलाही माहीत असेल. पाय मुरगळला की ह्याच पुरुषांच्या घोट्याला आम्ही हळद-चुना लावतो. कालवतानाच तो लाल होतो आणि ते कुंथत बघत असतात. पण मैदानावर ते कुणाच्याही डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

पहिल्या डावात सगळं नीट चाललं. सोनाजीनं चार गुण घेतले आणि नानासाहेबांनी "पिवळा सात" असं चारदा पुकारलं. बनियनं घामानं चिंब झाली होती. दुसऱ्या डावात पकडी वाढल्या, पोरं रेषांवर छातीवर पडायला लागली आणि चुन्याची धूळ उडायला लागली. बघता बघता आमच्या पोरांच्या छात्या तांबड्या झाल्या. पोट लाल, खांदे लाल, बगला आणि पाठी तेवढ्या पिवळ्या.

सोनाजी चढाई करून परतला. पंचानं सात बोटं दाखवली, मग एक.

"लाल सात, एक गुण!" माझ्या डोक्यावरचा कर्णा ओरडला.

मी ताडकन उठले. दोरी ओलांडून मांडवाकडे गेले.

"नानासाहेब, पिवळा! त्यो पिवळा हाय!"

"कोण हाय ते? बायांनी दोरीच्या मागं बसायचं."

"मी बानाबाई. सोनाजीचा गुण हाय त्यो, तुमी कारभारीला दिला."

"मला डोळे हायत. लाल दिसतंय ते लाल."

"चुन्यानं झालंय ते! हळदीचं बनियन हाय, चुना लागलाय त्याला."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, माईक तोंडाजवळ नेला आणि साऱ्या गावाला ऐकवलं, "वस्तीवरच्या बायकांनी आपापली मेंढरं सांभाळावी. मैदान सांभाळायला आमी हाय."

चारपाचशे माणूस खदखदा हसलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. दोघा स्वयंसेवकांनी मला दोरीमागे नेऊन बसवलं आणि एकजण तिथंच उभा राहिला, मी काही ढोर आहे का राखायला! पुतण्याला जीपमध्ये बसवायचा हा डाव आहे, अशी माझी तेव्हा पक्की खात्री होती. आज विचाराल तर म्हणेन, त्यांना खरोखरच लाल दिसत होतं. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडात मूठभर चुना कोंबावा असं मला वाटत होतं, आणि ते मी नाकारत नाही.

पुढच्या प्रत्येक चढाईला तेच झालं. गर्दीच्या कल्लोळात खेळाडूंना माईक ऐकू येत नव्हता. बाद होणं, परत येणं पंचाच्या शिट्टीवर बरोबर चाललं होतं. वही तेवढी चुकत होती. मी कर्ण्याखाली बसून बोटं मोजत होते. एक, दोन, तीन. सात गुण सोनाजीनं घेतले आणि सातही कारभारीच्या नावावर गेले.

मग शेवटची चढाई आली. सोनाजी आत घुसला, दोघांना शिवला आणि डाव्या कडेला त्याची पकड झाली. त्या कडेची रेषा जेमतेम पाच मिनिटांपूर्वी नव्यानं फक्की टाकून ठळक केलेली. तिथं तो सरळ पाठीवर आपटला. साऱ्या सामन्यात तो पाठीवर पडला तो तेवढाच. तिघं त्याच्या अंगावर. "बाहेर! बाहेर गेला!" असं लालवाले ओरडले. रेषेवरचा पंच डोळे चोळत होता, त्यात चुना गेला होता. तेवढ्यात सोनाजी निसटला, लोळत गेला, हात लांबवून मधली रेषा गाठली आणि शिट्टी वाजली. मोठ्या पंचानं दोन गुण दिले.

"लाल सात, दोन गुण!" नानासाहेब म्हणाले.

सामना संपला. बन्सीनं वही पुढे सरकवली आणि नानासाहेबांनी वाचून दाखवलं. गावचा संघ विजयी. चढाईचे गुण, कारभारी एकवीस, सोनाजी चार.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग आमच्या वस्तीची माणसं काठ्या घेऊन उठली, गावची माणसं त्यांच्यापुढे उभी राहिली आणि आता डोकी फुटणार असं वाटलं. सोनाजी मैदानाच्या मधोमध खाली बसला. ते बघून मी राखणदाराला ढकललं आणि फक्कीचं घमेलं उचलून थेट मांडवात शिरले.

माझ्या कमरेला हळदीत रंगवलेलाच एक फडका होता, पोरांचा घाम पुसायला घेतलेला. ओलाच होता. साहेबांच्या टेबलावर तो पसरला आणि वर मूठभर चुना चोळला. पिवळ्याचा लाल झाला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"बघा, सायब," मी म्हटलं, "आमच्या पोरांचा रंग असा बदललाय. माझ्या भावाचे नऊ गुण ह्या मास्तरानं आपल्या पुतण्याच्या पदरात टाकले."

"तोंड सांभाळ, बानाबाई!" नानासाहेब गरजले. "बावीस साल झाले माईकवर. एक बोट दाखवलं नाय कुणी."

"दाखवलं नाय, कारण तुमचं भ्या वाटत होतं. दिसत समद्यांना होतं."

तेवढ्यात कारभारी पुढे आला. घामेजलेला, ढोपर फुटलेलं. त्यानं चुलत्याकडे बघितलं नाही, साहेबांकडे बघितलं.

"सायब, माझे बारा गुण हायत," तो म्हणाला. "मी मोजलेत. वरचे नऊ माझे नायत. बानाआक्का खरं बोलतीय."

पोरानं स्वतःच्या हातानं नोकरी अशी उचलून पुढे ठेवली, हे मी डोळ्यांनी बघितलं. नानासाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

साहेब म्हणाले, "मग दुरुस्त करा ना. त्यात काय?"

"दुरुस्ती माईकवरूनच करावी लागती," बन्सी हळूच म्हणाला.

"मी माझ्या तोंडानं मागं घेणार नाय," नानासाहेब म्हणाले. माईक त्यांनी माझ्या छातीवर आदळला. "घे. तुला लई रंग कळतात ना? तूच पुकार."

मी माईक धरला. एकेक चढाई आठवून मी पुकारत गेले, "पिवळा सात, एक गुण," आणि बन्सी लिहीत गेला. माझा आवाज कर्ण्यातून साऱ्या मैदानावर घुमत होता आणि बायकांच्या बाजूनं टाळ्या पडत होत्या. सात गुण झाले. विजेत्या संघाची ढाल तिथंच आमची झाली, त्याचा प्रश्न राहिला नाही. सोनाजीचे अकरा झाले होते, कारभारीचे बारा. शेवटच्या चढाईचे दोन तेवढे बाकी होते.

सोनाजी आता साहेबांपुढे येऊन उभा राहिला होता. लाल छाती साहेबांकडे, पाठ आमच्याकडे.

"थांब," नानासाहेब माझ्या कानाशी म्हणाले. "त्याची पाठ बघ."

मी बघितली. कोरी पिवळी पाठ. आणि तिच्या बरोबर मधून, मानेपासून कमरेपर्यंत, ओळंब्यानं आखावा तसा सरळ लाल पट्टा. अर्धी पाठ रेषेच्या आत होती, अर्धी बाहेर. लालवाले खरंच बोलत होते. आमच्या मैदानावर पकडीतही अंग रेषेबाहेर टेकलं की बाद, म्हणजे सोनाजी बाद होता.

"तूच म्हणलीस ना, चुना लागला की लाल व्हतं?" नानासाहेब कुजबुजले. त्यांचा आवाज आता शांत होता, आणि तोच मला जास्त झोंबला. "मग सांग आता माईकवर. पाठीवरचा रंग कोणता?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सोनाजीनं मान वळवली. त्याला माहीत होतं. कडेला पाठ टेकली तेव्हाच त्याला कळलं असणार. तो माझ्याकडे बघत राहिला. कारभारी त्याच्या शेजारीच उभा होता, पण त्याला पाठ दिसत नव्हती.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "लालवाले म्हणत होते तो बाहेर गेला. त्याचं काय?"

"आक्का सांगतील ते," कारभारी म्हणाला. "त्यांना समजतं."

बन्सीची मान खाली होती. पेन कागदावर टेकलेलं होतं.

बावीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. आंधळा म्हटलं होतं, मेल्या म्हटलं होतं. चार रंगांत दुनिया उरकतो म्हणून त्याची टर उडवली होती. आणि आता तो लाल रंग माझ्यापुढे होता, दोन बोटं रुंद, लहान लेकरानंही ओळखला असता असा.

"पाठ पिवळी हाय," मी माईकवर म्हटलं. "डाग नाय. पिवळा सात, दोन गुण."

बन्सीनं लिहिलं.

मी खांद्यावरची घोंगडी काढली आणि सोनाजीच्या पाठीवर टाकली, थंडी वाजत असेल म्हणून. कार्तिक लागायचा होता अजून. साहेबांनी वहीत बघितलं, तेरा आणि बारा, आणि सोनाजीचं नाव विचारलं.

नानासाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. घोंगडी ओढून पाठ दाखवली असती, तरी मी भांडले असते, मला भांडता येतं. पण ते तसं काही करत नव्हते. त्यांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला, त्याचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "आता शिकलीस. पुढच्या साली तूच बस हितं." आणि हसले. त्यांना तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

सोनाजी त्याच दिवशी जीपमध्ये बसून गेला. जाताना घोंगडी परत दिली आणि बनियनही काढून दिलं. आमच्या दोघांत त्यावर तेव्हा बोलणं झालं नाही आणि पुढेही कधी झालं नाही. आज त्याचं वाळूजला दोन खोल्यांचं घर आहे. पोरं शाळेत जातात, एका जागी राहतात. मी गेले की भाऊ पाणी देतो, चहा देतो, आणि माझ्या डोळ्यांकडे बघत नाही.

बनियन मी सांजच्याला ओढ्यावर धुतलं. साबण लावला तसं ते सगळंच लाल झालं आणि पट्टा कुठं होता ते मलाही सापडेना. पिळून दगडावर ठेवत होते, तेवढ्यात कारभारी आला. ढोपराला हळद-चुना लावलेला होता. सायकल टेकवून जरा लांबच उभा राहिला.

"आक्का, एक इचारू का?" तो म्हणाला. "आमची पोरं म्हणत्यात, सोनाजी बाहेर गेला व्हता. मी त्यांना म्हणलं, आक्कांनी पाठ बघितलीय. तुमी खोटं नाय बोलायच्या." ढोपरावरचा लेप त्यानं नखानं खरवडला. "पाठ खरंच पिवळी व्हती ना?"

तिथं माईक नव्हता. बन्सीची वही नव्हती, साहेब नव्हते, आणि जीप तर कधीच गेली होती. तो पोरगा मला खरं विचारत होता आणि मी खरं बोलले असते तरी कुणाचं काही जाणार नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "पिवळी व्हती."

"मग बरं," तो म्हणाला. "मला तेवढंच पाहिजे व्हतं." आणि सायकलवर टांग टाकून तो गावाकडे गेला.